‘ध’ चा ‘मा’ आणि पडद्यावरचा फौजदार

रविवारी सकाळी पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाणाऱ्या हौशी सायकलस्वारांच्या टोळ्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन निघालेली ही तरुण मंडळी घाटाला भिडण्यापूर्वी वाईत चहाला थांबतात आणि पुष्कळदा वाट थोडी वाकडी करून मेणवलीला कृष्णेच्या पायऱ्यांवर छायाचित्रे काढून घेतात. नाना फडणविसांचा वाडा तेथेच उभा आहे. पण ओढ बहुधा वाड्याची नसते, चित्रपटांतून पाहिलेल्या पायऱ्यांची असते. ज्या गावाला दक्षिण काशी म्हणत, जेथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला, ते वाई गेल्या काही दशकांत हिंदी चित्रपटांचे हुकमी ‘उत्तर भारतीय’ गाव बनले आहे. २००३ च्या ‘गंगाजल’मधील बिहारचे तेजपूर आणि २०१० च्या ‘दबंग’मधील उत्तर प्रदेशाचे लालगंज ही दोन्ही गावे प्रेक्षकाने पाहिली ती कृष्णाकाठीच. दोन्ही चित्रपटांचे नायक पोलीस अधिकारी आहेत आणि दोन्हींत पोलिसांच्या हातून कायदा मोडला जातो. तो मोडल्याबद्दल चित्रपटाला काय वाटते, यात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

‘गंगाजल’ला भागलपूरचा आधार होता. १९७९-८० साली बिहारमधील त्या शहरात पोलिसांनी तीसहून अधिक कच्च्या कैद्यांचे डोळे फोडून त्यांत आम्ल ओतले. १९८० च्या अखेरीस वृत्तपत्रांनी हा प्रकार उघड केला तेव्हा देश हादरला. पण भागलपुरात लोक पोलिसांच्या बाजूने रस्त्यावर आले, हे विसरता येत नाही. गुंडांना कंटाळलेल्या सामान्य माणसाला तो न्याय वाटला होता. प्रकाश झा यांच्या चित्रपटात निदान हा पेच मांडला जातो. तेथला पोलीस अधीक्षक आपल्याच माणसांच्या कृत्यापुढे अस्वस्थ होतो आणि जयजयकार करणाऱ्या जमावाला विरोध करतो. सात वर्षांनी त्याच वाईत ‘दबंग’चा चुलबुल पांडे अवतरला. दरोडेखोरांनी लुटलेली रक्कम तो स्वतःच्या खिशात घालतो आणि स्वतःला रॉबिनहूड म्हणवून घेतो. पेच संपला, गंमत उरली. २०११ च्या ‘सिंघम’मध्ये तर मराठी नावाचा, मराठी वळणाचा नायक आला. येथे सारे पोलीस खाते एक होऊन खलनायकाला पकडते, ठाण्यात आणून खुर्चीवर बसवते आणि गोळी घालते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ साली एका भाषणात याच शेवटाचा उल्लेख करून, त्यातून जाणारा संदेश किती घातक आहे, हे सांगितले होते.

मराठी मनाला हा प्रश्न नवा नाही. किंबहुना तो एका अक्षरात सांगण्याची सोय आपल्याच भाषेने करून ठेवली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. आख्यायिका अशी की, राघोबांनी गारद्यांना दिलेल्या पत्रात ‘धरावे’ असा शब्द होता, त्याचा आनंदीबाईने ‘मारावे’ केला. आख्यायिकेची ऐतिहासिकता इतिहासकारांनी तपासावी. तिच्यातला विवेक मात्र पक्का आहे. राज्यसत्तेच्या शस्त्रधारी नोकराला धरण्याचा अधिकार असतो. धरण्याचे मारण्यात रूपांतर करणारे अक्षर ज्याच्या हाती असेल, त्याच्या हाती सारे राज्य जाते. गारदी हे कोणी परके दरोडेखोर नव्हते. वाड्यावर पहारा करण्यासाठी पगार घेणारे ते शिपाई होते.

या खुनाची चौकशी करून राघोबांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे सातारजवळच्या माहुलीचे. निकाल सांगून त्यांनी पुणे सोडले आणि ते येऊन राहिले वाईजवळच्या एका खेड्यात. आज ज्या परिसरात गोळी घालून निकाल लावणारा फौजदार चित्रित होतो, त्याच परिसरात चौकशी केल्यावाचून निकाल न देणारा न्यायाधीश सत्तेशी फारकत घेऊन राहिला होता. १९४४ साली प्रभातने त्याच्यावर ‘रामशास्त्री’ काढला, गजानन जागीरदारांनी ती भूमिका केली, आणि न्यायाधीश नायक असलेला तो चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. म्हणजे प्रेक्षकाला केवळ गोळीबारच रुचतो, हा निर्मात्यांचा नेहमीचा युक्तिवाद पूर्वापार खरा होता, असे नाही.

मारधाडीच्या चित्रपटात लबाडी कोठे असते? हिंसा दाखविण्यात नव्हे. लबाडी आहे ती माहितीची. पडद्यावर गुन्हा प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत घडतो. खलनायक कोण, त्याने काय केले, त्याच्या मनात काय आहे, हे कॅमेरा सर्वज्ञ परमेश्वरासारखा आधीच सांगून मोकळा होतो. त्यानंतर न्यायालय, साक्षीपुरावे, उलटतपासणी हा सारा फापटपसारा वाटणारच. जे सिद्धच आहे ते पुन्हा सिद्ध कशाला करायचे? प्रत्यक्षातील फौजदारापाशी हा कॅमेरा नसतो. त्याच्यापाशी असते खबऱ्याची कुजबुज, फिर्यादीचा संशय, वरिष्ठांचा तगादा आणि पुढाऱ्याचा फोन. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणाऱ्याकडून चुका होणार, हे अर्थशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. आणि चुकीची किंमत निर्णय घेणाऱ्याला मोजावी लागत नसेल, तर चुका वाढतात, हेही. कायद्याची कार्यपद्धती हा सद्गृहस्थांनी गुंडांना दिलेला सवलतीचा पास नव्हे. आपल्याला पुरते माहीत नाही, या कबुलीवर उतरवलेला तो विमा आहे आणि त्याचा हप्ता विलंबाच्या रूपाने सर्वांनाच भरावा लागतो.

कृष्णा वाईहून माहुलीला, तेथून कऱ्हाडवरून सांगलीला जाते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात लुटीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण कोठडीतून पळून गेल्याचे पोलिसांनी सांगितले. तपासात वेगळेच पुढे आले. मारहाणीत तो ठाण्यातच मरण पावला आणि त्याचे प्रेत दूर आंबोली घाटात नेऊन जाळण्यात आले, असा आरोप ठेवून एका उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली. ज्या सांगलीने ही ‘पळून गेला’ची कथा ऐकली, त्याच सांगलीच्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी खरोखरच तट उडी मारून निसटले होते, दादांना गोळी लागली, दोन साथीदारांना प्राण गमवावे लागले. पलायन म्हणजे काय, हे या गावाला चांगले ठाऊक आहे. लोक संतापले, दुकाने बंद ठेवून त्यांनी निषेध केला. निषेध करणाऱ्यांपैकी कित्येकांनी ‘सिंघम’ला शिट्ट्या मारल्या नसतील काय? त्यात त्यांचा ढोंगीपणा नव्हता. पडद्यावर मरणारा माणूस गुन्हेगार आहे, हे त्यांना ‘माहीत’ होते. कोठडीत मेलेला मुलगा कोणाचा तरी शेजारी होता आणि त्याने काय केले, काय केले नाही, हे कोणत्याही न्यायालयाने ठरवले नव्हते. आता ते कधीच ठरणार नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, साक्षीदार फुटतात, पैसेवाला जामिनावर सुटून फिर्यादीच्या दारावरून मोटारीने फिरतो. शिक्षक, कारकून, लहान शेतकरी यांनी हे पाहिलेले असते. त्यांची टाळी रक्ताला चटावलेल्या माणसाची टाळी नसते. रांगेत ताटकळलेल्या माणसाने रांग मोडणाऱ्याला, तो आपल्यासाठी मोडतो आहे अशा समजुतीने, दिलेली ती टाळी असते. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादेत बलात्कार व खुनाच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. पुढे निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाने चकमकीची कथा अमान्य केली, आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असा निष्कर्ष दिला. २०२४ च्या सप्टेंबरात बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या वाहनात गोळीने मेला. ‘बदला पुरा’ असे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार धरले. फुले आणि फलक आधी येतात, अहवाल मागाहून. आणि अहवालाला टाळ्या नसतात.

सातारा-सांगलीच्या वाचकाला येथे साहजिकच प्रतिसरकारची आठवण होईल. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांनी ब्रिटिश सत्तेला न जुमानता आपले राज्य चालविले. दरोडेखोर आणि खबरे यांच्या तळपायांवर काठ्या बसल्या आणि त्यावरूनच ‘पत्री सरकार’ हे नाव रूढ झाले. मग कायदा हातात घेणे हे या मातीतच आहे, असे म्हणायचे काय? त्या चळवळीत अतिरेक झाले नाहीत, असा दावा कोणी करू नये. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ज्यांच्यापाशी न्यायालय नव्हते, पोलीस नव्हते, ज्यांच्या डोक्यावर अटकेची टांगती तलवार होती, त्या भूमिगतांनीसुद्धा गावोगाव न्यायदान मंडळे स्थापन केली, वादी-प्रतिवादींना गावासमोर बोलाविले, दोघांचे ऐकून घेतले. कायद्याबाहेर राहणाऱ्यांनाही कार्यपद्धतीची गरज भासली. पडद्यावरच्या फौजदारापाशी न्यायालय, वर्दी, सरकारी पगार असे सारे काही असते आणि ती गरज त्यालाच भासत नाही.

याच पडद्याने पूर्वी वेगळा फौजदारही दाखविला आहे. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून गोविंद निहलानी यांनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला अनंत वेलणकर प्रामाणिक आहे, चिडलेला आहे, आणि एका किरकोळ चोरीतील आरोपी त्याच्या मारहाणीने कोठडीत मरतो. तेथून त्याची घसरण सुरू होते. शेवटी तो गुंड पुढाऱ्याला ठार करतो खरा. पण नंतर स्वतः ठाण्यात जाऊन हजर होतो. चित्रपटगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक तेव्हा शिट्ट्या मारत नव्हता, गप्प होता. आणि तरीही चित्रपट चालला.

पसरणीच्या घाटात अर्ध्यावर दम लागला म्हणून सायकल टेम्पोत टाकून वर गेलेल्याला, तू घाट चढलास, असे त्याचे सोबती म्हणत नाहीत. तोही म्हणवून घेत नाही. खेळात हा विवेक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. राज्यसत्तेच्या बाबतीत मात्र वर पोचला ना, एवढेच विचारले जाते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अटकेचे नियम घालून दिले: अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांना खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. चकमकींबाबतचे निर्देश २०१४ चे, ठाण्याठाण्यांत कॅमेरे बसविण्याचा आदेश २०२० चा. एखाद्या चोरीचा छडा लावून, ही सारी कागदपत्रे पुरी करून, चोवीस तास भरण्यापूर्वी आरोपीला धडधाकट स्थितीत कऱ्हाडच्या किंवा वाईच्या दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणारा हवालदार आजही आहे. त्या कामाला त्याची अख्खी रात्र जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बंदोबस्त असतो.