पाटी हाती देण्याआधी गप्पा

किराडपुरा, बायजीपुरा, रोशन गेट या भागांत अम्मी कामावर गेली की मूल नानीकडे, खालाकडे किंवा गल्लीतल्या एखाद्या आपांकडे राहते. दारावर पाळणाघराची पाटी नसते, पण काम तेच. अशी मुले पहिलीत आमच्याकडे येतात तेव्हा चार दिवसांत कळते, कोणाशी भरपूर बोलले गेले आणि कोणाला मोबाइल देऊन गप्प बसवले.

बरेच पालक आपांच्या मागे लागतात, "तीन वर्षांचा झाला, अलिफ-बे लिहून घ्या." एवढी घाई कशाला? आपल्याकडे बिस्मिल्लाहची रस्मसुद्धा चार वर्षे, चार महिने, चार दिवसांनी करायची रीत आहे. आधी कान तयार व्हावा लागतो. बकरी, बस, बाल्टी : सुरुवातीला कोणता आवाज आला? हा खेळ भाजी निवडतानाही होतो. ज्याने तो आवाज पकडला त्याला पुढे उर्दूचा 'बे' आणि मराठीचा 'ब' दोन्ही सोपे जातात. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते, मराठी डावीकडून. वाचताना ओळीखाली बोट फिरवा, मुले ते आपोआप उचलतात.

भाषा घरचीच राहू द्या. दखनीत ऐकलेली कहाणी मराठी शिकण्याच्या आड येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सुरुवातीचे शिक्षण घरच्या भाषेतून व्हावे, असेच म्हटले आहे. पुस्तके विकत घेणे जमत नसेल तर २०२१ मध्ये बायजीपुऱ्यातून सुरू झालेली मोहल्ला बालवाचनालये आहेत. आपांनी एक पुस्तक आठवडाभर रोज वाचले तरी चालते. कंटाळतो आपण, मुले नाही.

आता रडण्याबद्दल. मूल रडेल म्हणून अम्मी गुपचूप निघून जाते. आम्हीही आमच्या मुलांबाबत हेच केले, आणि चुकलो. दुसऱ्या दिवसापासून मूल पदर सोडत नाही. त्याऐवजी सलाम करून, "असरची अजान झाली की येते" असे सांगून जा, आणि खरेच या. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, अजान कळते.

खेळणे हिसकावले म्हणून मूल मारायला धावले तर "गंदा बच्चा" म्हणू नका. "गुस्सा आला ना? आता तिची बारी, मग तुझी," एवढे म्हणा. गुस्सा, डर, शरम हे शब्द ज्याच्याकडे असतात त्याचा हात कमी उठतो. वर्गात तेच मूल "टीचर, मला समजले नाही" असे न घाबरता सांगते.