पडद्याआडचे पुरावे

ऐतिहासिक रहस्यकथेत तपास करणारी बाई असली, की तिच्या कौतुकाचा सूर ठरलेला असतो: ती धीट आहे, कुणाला जुमानत नाही, काळाच्या पुढची आहे. हे कौतुक चुकीच्या जागी केले जाते असे मला वाटते. धीट नायिका कुठल्याही काळात आणि कुठल्याही कथेत भेटते. या कथांची खरी गोडी अशी, की त्या काळाने बाईवर घातलेल्या बंधनांमुळेच रहस्य घडते आणि त्यांच्याच आधाराने ते सुटते. हे जमले की कादंबरी उभी राहते. नाही जमले, तर नायिकेचा धीटपणा तिच्या जुन्या पद्धतीच्या दागिन्यांइतकाच वरवरचा राहतो.

याचे एक उत्तम उदाहरण मुंबईतच घडते. सुजाता मॅसी या अमेरिकेत राहणाऱ्या लेखिकेची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ ही कादंबरी २०१८ मध्ये आली, आणि रहस्यकथांसाठी दिली जाणारी अगाथा व मेरी हिगिन्स क्लार्क ही पारितोषिके तिला मिळाली. भारतात ती ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ या नावाने निघाली. काळ १९२१ चा. परवीन मिस्त्री ही पारशी तरुणी ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेली आहे आणि फोर्टमधल्या वडिलांच्या पेढीत सॉलिसिटरचे काम करते. कोर्टात उभे राहून बाजू मांडायची तिला मुभा नाही, म्हणून तिच्या वाट्याला मृत्युपत्रे, करारमदार आणि वारशाची कागदपत्रे येतात. त्यातच तिला एक गोष्ट खटकते. एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा मलबार हिलवरच्या बंगल्यात पडद्यात राहतात. त्यांनी आपली मालमत्ता वक्फला, म्हणजे धर्मादाय निधीला, देऊन टाकायची तयारी दाखवली आहे, पण कागदावरच्या सह्या विश्वास बसावा अशा नाहीत. पुढे त्या घरात खून पडतो. पोलीस येतात आणि जनानखान्याच्या जाळीपाशी त्यांचा तपास अडतो, कारण आतल्या बायका परपुरुषासमोर येणार नाहीत. ज्या जगाने परवीनला कोर्टाबाहेर ठेवले, त्याच जगाच्या रिवाजामुळे जाळीपलीकडे जाऊ शकणारी वकील ती एकटीच उरते.

इथे पडदा दुधारी आहे. तो विधवांना त्यांच्याच मालमत्तेच्या व्यवहारांपासून दूर ठेवतो, घर सांभाळणाऱ्या पुरुषाला मोकळे रान देतो आणि साक्षीदारांना पोलिसांपासून लपवतो. तो बाजूला काढला तर खटलाच शिल्लक राहत नाही. शिवाय लग्नात बायकोला मिळणारी मेहेर म्हणजे काय, वक्फला दिलेल्या संपत्तीवर कुणाचा ताबा राहतो, हे कळल्याशिवाय खुनाचा हेतू वाचकाला उमगत नाही. कायद्याच्या पुस्तकात हाच मजकूर आपण दोन पाने वाचून सोडून दिला असता. इथे तो स्वतःहून शोधावासा वाटतो, कारण गुन्हेगार त्यातच दडलेला असू शकतो. परवीनच्या पूर्वायुष्याचे धागेही याच रीतीने गुंफले आहेत. कलकत्त्याच्या सासरी पाळीच्या दिवसांत तिला एका कोंदट खोलीत वेगळे ठेवले जाते. नवऱ्याचे बाहेरचे संबंध उघड झाल्यावरही १८६५ चा पारशी विवाह कायदा तिला घटस्फोट मिळू देत नाही, कारण वेश्येशी ठेवलेला संबंध त्या कायद्याच्या लेखी पुरेसा ठरत नाही. म्हणून दुसऱ्याच्या कागदातली खोच तिला दिसते. कायद्यातल्या पळवाटेची किंमत तिने स्वतः मोजलेली असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: अशा बायका तेव्हा होत्या कुठे? ही तर आजची वकीलबाई, शंभर वर्षांपूर्वीच्या साडीत. पण इतिहास उघडला की आक्षेपाची धार कमी होते. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण विद्यापीठ तेव्हा बायकांना पदवीच देत नसे, त्यामुळे ती हाती पडायला तीस वर्षे लागली. दरम्यान, १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सल्लागार म्हणून त्यांनी पडद्यातल्या शेकडो विधवांच्या आणि अज्ञान वारसांच्या इस्टेटींची प्रकरणे हाताळली. बायकांना वकिलीची वाट मोकळी करणारा कायदा १९२३ मध्ये झाला. त्याच वर्षी लंडनला बॅरिस्टर झालेल्या मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला बॅरिस्टर ठरल्या. परवीनला अडवणारा पारशी कायदा १९३६ मध्ये बदलला गेला, त्या कामातही त्यांचा वाटा होता. मॅसी यांनी परवीन घडवताना याच दोघींकडे पाहिले आहे.

आक्षेपाचा उरलेला भाग मात्र मान्य करायला हवा. सोराबजी आणि टाटा या अपवाद होत्या. पैसा, इंग्रजी शिक्षण किंवा पाठीशी उभे राहणारे आईवडील असल्याशिवाय ही वाट कुणाला सापडत नव्हती. शिवाय सोराबजी इंग्रजी राजवटीच्या बाजूच्या आणि गांधींच्या चळवळीच्या विरोधात होत्या, म्हणजे आजच्या आदर्शाच्या चौकटीत त्या सहज मावत नाहीत. दुबळ्या कादंबऱ्या हे अवघडपण गाळून टाकतात. त्यांची नायिका आजची सगळी मते घेऊन वावरते, कुणाचे ऐकत नाही आणि तिला त्याची झळ कधी लागत नाही. अशा पुस्तकांबद्दल आक्षेप शंभर टक्के खरा आहे. परवीनला मात्र पावलोपावली भान ठेवावे लागते, कारण मोडलेल्या लग्नाची वाच्यता झाली तर वडिलांच्या पेढीचे नावही पणाला लागणार असते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे: ही पुस्तके वाचकाच्या आजच्या काळाला कुरवाळतात, तेव्हा अंधार होता आणि आता उजेड आहे असे समाधान देतात. याला उत्तर म्हणून पीटर ट्रेमेन यांची सिस्टर फिडेल्मा पाहावी. सातव्या शतकातल्या आयर्लंडची ही जोगीण तिथल्या जुन्या ब्रेहन कायद्याची जाणकार वकील आहे. मालिकेतली पहिली कादंबरी, १९९४ ची ‘अ‍ॅब्सोल्यूशन बाय मर्डर’, इंग्लंडमधल्या व्हिटबीला ६६४ मध्ये भरलेल्या धर्मसभेत घडते. आयरिश परंपरेत बाईला कायद्याने बराच अधिकार होता आणि शेजारच्या सॅक्सन राज्यात तो नव्हता. फिडेल्मा त्या दोहोंच्या सीमेवर तपास करते. केल्टिक इतिहासाचे अभ्यासक असलेल्या लेखकाने आयरिश समाज जरा उजळच रंगवला आहे असे कुणी म्हणू शकेल. तरी एक गोष्ट पक्की होते: बाईचे हक्क शतकागणिक सरळ रेषेत वाढत गेलेले नाहीत. ते मिळतात, हिरावले जातात, आणि सीमा ओलांडली की बदलतात. हे कळल्यावर वर्तमानाबद्दलची निश्चिंती उलट कमीच होते.

मग कादंबरी कशाला, सोराबजींच्या आठवणीच का वाचू नयेत? जरूर वाचाव्यात. पण जाळीमागच्या बायकांपर्यंत आपण तिथे वकिलाच्या किंवा सरकारी दप्तराच्या शब्दांतून पोहोचतो. अंगठा उठवणाऱ्या विधवेला तेव्हा काय कळत होते, याची नोंद दप्तर ठेवत नाही. कादंबरीला ती जागा कल्पनेने भरता येते आणि रहस्यकथेला ती तर्काने भरावी लागते, कारण शेवटी प्रत्येक दुव्याचा हिशेब द्यायचा असतो. ही शिस्त इतिहासावर अन्याय करत नाही. उलट ती लेखकाला त्या काळाचे नियम काटेकोर पाळायला लावते.

असे पुस्तक हाती आले की नायिका किती धीट आहे हे मोजण्यापेक्षा एक कसोटी लावून पाहावी. तिच्या जागी त्याच काळातला, तितकाच हुशार पुरुष ठेवला तर रहस्य तसेच सुटले असते का? सुटत असेल तर बाईपण आणि इतिहास दोन्ही तिथे शोभेला आहेत, आणि ते पुस्तक नुसती करमणूक म्हणून वाचायलाही हरकत नाही. सुटत नसेल, तर त्या काळच्या बायकांना काय नाकारले गेले आणि त्यांना काय ठाऊक होते, हे दोन्ही त्या पुस्तकातून नीट कळेल.