पाटी म्हणजे कुलूप नव्हे

शाळेच्या संकेतस्थळावरचे एखादे पान गूगलवर दिसू नये, म्हणून आपण ‘रोबोट्स.टीएक्सटी’ या फाइलमध्ये मनाई लिहितो. तरीही पानाचा पत्ता शोधात येतो. असे का?

शोधयंत्राचा ‘क्रॉलर’ दुव्यांवरून पानोपानी फिरतो. १९९४ साली मार्टाइन कोस्टर यांनी सुचवलेली ही फाइल म्हणजे दारावरची पाटी. ती पान वाचू नका म्हणते. पण दुसरीकडचा दुवा पाहून पत्ता सूचीत जाऊ शकतो. पानात ‘नोइंडेक्स’ लिहिले, तरी ते वाचायला क्रॉलर आत येतो कुठे? म्हणून मनाई काढू, नोइंडेक्स ठेवू आणि क्रॉलर पुन्हा येईपर्यंत थांबू.

विद्यार्थ्यांच्या नावा-गुणांची यादी मात्र पासवर्डमागेच हवी. पाटी पाळणे ऐच्छिक असते.