जोड ठरली तिथेच अर्धी शर्यत झाली
मैदान कसं वाचावं : लेखांक ६

भातकापणी उरकली, बांध मोडून खाचरं एकसपाट झाली, की मलंगगडाच्या पायथ्यापासून थेट भिवंडीपर्यंत एकच प्रश्न कानावर येतो : ‘कोण मारणार?’ आणि उत्तर द्यायला प्रत्येकजण तयार असतो. नेवाळी नाक्यावरच्या टपरीवर, खोणीच्या रिक्षा स्टँडवर, डोंबिवली लोकलच्या दारात लटकूनसुद्धा. गंमत अशी की बहुतेकांचं उत्तर म्हणजे ज्या बैलाचे व्हिडिओ सगळ्यात जास्त पाहिले गेले त्याचं नाव. आडिवलीच्या मथुरचं नाव ठाणे-कल्याण पट्ट्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, तसंच बकासुरचं. पण नाव माहीत असणं वेगळं आणि अंदाज बांधणं वेगळं. गेल्या आठवड्यात छकड्याची बांधणी पाहिली, या वेळी अंदाजाचं बघू.

आधी एक फरक लक्षात घ्या, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. जुन्नर-आंबेगाव-खेडच्या घाटात गाडा एकटा पळतो. पुढे घोडी, मागे कांडाची बैलजोडी, त्यामागे जुकाटाची, आणि निकाल घड्याळाचा. तिथे प्रत्येक गाड्याचे सेकंद जगजाहीर असतात, त्यामुळे अंदाज बराचसा आकडेमोडीचा. सातारा-सांगलीकडे एका वेळी अनेक गाड्या आपापल्या चाकोरीतून सुटतात. गट, मग सेमी, मग फायनल. तिथे बैलाला एकाच दिवसात पुन्हा पुन्हा पळावं लागतं, म्हणून दम मोजावा लागतो. आपल्या ठाणे-रायगड पट्ट्यातली बिनजोड मात्र निराळी. दोन गाड्या समोरासमोर, एकच धाव, निशाणाला जो आधी लागला त्याच्यावर गुलाल. दुसरी संधी नाही, घड्याळाचा आधार नाही.

मग समोरासमोरच्या दोघांत समतोल कसा साधायचा? घोड्यांच्या शर्यतीत त्याला एक उपाय आहे. इंग्लंडात अडथळ्यांवरून उड्या मारत घोडे पळवतात. एन्ट्रीची ग्रँड नॅशनल ही त्यातली सगळ्यात नावाजलेली शर्यत : ३० उड्या, जवळपास ७ किलोमीटर. तिथे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात आणि दुबळ्याच्या पाठीवर कमी, म्हणजे कागदावर सगळे सारखे व्हावेत. त्यात उड्यांचा धोका. १९६७ साली तेविसाव्या अडथळ्यापाशी घोड्यांचा ढीग पडला आणि मागे रेंगाळणारा फॉयनाव्हॉन त्यातून वाट काढून जिंकला, तेव्हा त्याचा भाव एकास शंभर होता. आपल्या महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर उड्या नाहीत, सपाट धाव आहे, पण वजनाचा हिशेब तिथेही चालतो. बिनजोडीत हे वजन लावणारं कुणीच नाही. समतोल साधायचा तो दोन मालकांनी आपसात, बोलून. आणि माझ्या मते आपल्याकडची शर्यत खरी कळते ती याच बोलण्यात.

मालक आपला बैल बिनजोड म्हणून जाहीर करतो. कुणीतरी उठून ते आव्हान घेतो. इथवर सगळं मर्दुमकीचं. पण लगेच घासाघीस सुरू होते : तुमचा डावीला पळणार की उजवीला? पैऱ्याला कोण? धाव कुठून कुठवर? किती दाती? यातली एकेक गोष्ट कबूल करताना कोण पटकन हो म्हणतो आणि कोण बाजूला जाऊन पोरांशी कुजबुजतो, ते बघत राहा. ज्याला आपल्या पैऱ्याची खात्री नसते तो अंतर कमी करायला बघतो, कारण जोडीतली फट थोड्या अंतरात झाकून जाते. ज्याचा बैल सुटायला मंद पण मागून येणारा असतो, तो निशाण लांब न्यायला बघतो. हे बोलणं ऐकलेल्या माणसाला सुट्टी व्हायच्या, म्हणजे गाड्या सुटायच्या आधीच बरंच कळलेलं असतं. आपण मात्र तेव्हा वडापावच्या रांगेत असतो!

पैरा म्हणजे जोडीदार बैल. शेतात एकाचा एक बैल आणि दुसऱ्याचा एक जुंपून औत चालवायची जी जुनी रीत, तीच इथे. नामांकित बैलाचा मालक जोडीदारासाठी दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या जिल्ह्याच्या मालकाला गाठतो. २०२३च्या एप्रिलमध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या मैदानात थार गाडी मिळाली ती बकासुर आणि महिब्या या जोडीला. लोक बकासुरचं नाव आधी घेतात, पण थार एकट्या बकासुरची नव्हे.

याचं कारण जुवात आहे. जू मधोमध दांडीला बांधलेलं असतं आणि दोन टोकांना दोन बैल. डावीचा बैल वीतभर पुढे गेला की जू तिरपं होतं आणि गाडी उजवीकडे वळायला लागते. मग ड्रायव्हर कासरा ओढून पुढच्याला आवरतो, म्हणजे जो जास्त पळतोय त्यालाच मागे खेचतो. म्हणून एक वाघ आणि एक बरा अशा जोडीपेक्षा दोन बरे बैल एका पावलाने पळाले, तर बहुतेक वेळा तेच पुढे असतात. आपल्याकडे हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी अंदाज सांगताना सगळे फक्त वाघाचंच नाव घेतात.

खांद हीसुद्धा जोडीचीच बाब. बैल लहानपणापासून ज्या बाजूला शिकला ती त्याची बाजू. डावीच्या बैलाला उजवीला जुंपलं तर तो पळतो, पण त्याला जोडीदार भलत्याच बाजूला जाणवत राहतो, मान वाकडी धरतो, पावलं अडखळतात. दोन्ही खांदी सारखा पळणारा बैल मिळाला तर त्याची किंमत चढते, कारण त्याला पैरा शोधणं सोपं. तेव्हा कुणी ‘आमचा आज उजवीला घेतलाय’ असं सांगितलं, तर विचारा : उजवीला याआधी कधी मारलंय?

वयाचं दातांवरून कळतं, आणि तेवढ्यापुरतं जवळ जायला लाजू नका. बैलाला पुढचे दात खालच्याच जबड्यात असतात. वर नुसती टणक हिरडी. दुधाचे आठही दात शाबूत, तो आदत. मधले दोन पडून रुंद, पिवळसर पक्के दात आले की दुसा, साधारण दोन-अडीच वर्षांचा. मग चौसा, मग सहादाती, आणि साडेचार-पाचाच्या आसपास तोंड पूर्ण भरतं. आदत खोंड सुटायला बाणासारखा असतो, पण गर्दीला बुजतो, समोरची गाडी अंगावर आली की बाजूला सरकतो. चौसा ते सहादाती या वयात चपळाई असते आणि मैदानाची सवयही झालेली असते. दोन गाड्यांत बाकी सगळं सारखं असेल तर मी डोळे झाकून चौशाकडे झुकतो. म्हाताऱ्या बैलाचं कौतुक जरूर करावं, पण अंदाज सांगताना नव्हे.

जमिनीचं गणित आपल्याकडे खास आहे, आणि बाहेरून येणारी मंडळी हमखास तिथे फसतात. आपली मैदानं म्हणजे भाताची खाचरं. नोव्हेंबरात वरचा थर सुकलेला दिसतो, पण टाच मारून बघा, खाली ओल असते. अशा जमिनीत खूर रुततो, चाक जड जातं, आणि ताकदीचा, जरा अंगाने भरलेला बैल पुढे निघतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत तीच जमीन तापून दगड होते, भेगा पडतात. मग हलक्या पायाचा, लांब टांगेचा खिल्लार हवा. माण-आटपाडीकडचा बैल कोरड्या माळावर वाढलेला, त्याला आपली मार्चची जमीन घरच्यासारखी, पण आपली हवा नव्हे. खाडीकडून येणारा दमट वारा असला की बैलाच्या अंगातली उष्णता नीट बाहेर पडत नाही. घोड्याला घाम भरपूर येतो, बैलाला तेवढा नाही. त्याला गार व्हायला धापाही टाकाव्या लागतात. म्हणून दुपारी दोनच्या जोडीत, आदल्या दिवशी येऊन मुक्काम केलेला बैल आणि पहाटे घाट उतरून टेम्पोतून थेट मैदानात आलेला बैल यांत मी मुक्काम केलेल्याला पसंती देतो, मग दुसऱ्याचं नाव केवढंही असो.

टेम्पोच्या फळीवरून उतरताना बैल कसा उतरतो ते पाहायची सवय लावा. पुढचे दोन्ही पाय जपून, एकेक टाकतो की धाडकन उडी मारतो? मागचा एखादा पाय फळीवर ठेवताना उचलून धरतो का? पत्री, म्हणजे खुराचा नाल, नुकतीच ठोकली असेल आणि खिळा जरा खोल गेला असेल, तर बैल उभा असताना तो पाय अलगद टेकवतो, भार दुसऱ्यावर टाकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रवंथ. डीजे वाजतोय, माईकवर निवेदक घसा फोडतोय, आणि एखादा बैल डोळे अर्धे मिटून शांतपणे रवंथ करतोय, तर तो मैदान कोळून प्यायलाय असं समजा. उलट जो सारखा वेसणीला हिसडे देतो, ज्याच्या तोंडाला सुट्टीआधीच फेस आलाय, त्याची निम्मी धाव उभ्या जागीच संपलेली असते. पब्लिकला मात्र नेमका तोच ‘गरम’ वाटतो.

बैलाचा पूर्वेतिहास आपल्याकडे तोकडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ साली कायदा केला, तोही कोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या साडेसात वर्षांत बैलांची एक अख्खी पिढी कायदेशीर मैदान न बघताच म्हातारी झाली. त्यामुळे ‘याचा बाप असा पळायचा’ हे सांगायला सोपं, पण दाखवायला व्हिडिओसुद्धा नाही. आता जे काही वाचायचं ते गेल्या काही हंगामांचं, आणि तेही यूट्यूबवर, जिथे हरलेल्या धावा फारशा कुणी चढवत नाही.

नियमांचाही अंदाजाशी संबंध आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाचा दाखला लागतो, काठी, चाबूक, खिळे, शॉक, शेपूट पिरगळणं यांना मनाई आहे. जिथे हे काटेकोर पाळलं जातं तिथे जोडी स्वतःच्या खुशीने पळते आणि अंदाज बरोबर येण्याची शक्यता वाढते. जिथे पाळलं जात नाही तिथला अंदाज सांगू नये, तिथे जाऊही नये. पैजेच्या पैशाचंही तेच. आणि मानापमानाची तर बातच सोडा : २०२२च्या नोव्हेंबरात अंबरनाथमध्ये शर्यतीच्या वादातून गोळ्या झाडल्या गेल्या. बैल बिचारा तेव्हा टेम्पोत चारा खात असणार.

आता एक नमुना सोडवून बघू. समजा, जानेवारीचा शेवट, उसाटण्याकडचं एखादं खाचर, वरून सुकलेलं. एका गाडीला सहादाती नामांकित बैल, डावीचा पक्का, व्हिडिओ लाखांत पाहिलेले. पैऱ्याला सांगलीकडचा तसाच नावाजलेला, पण तोही मुळात डावीचा, आज उजवीला घेतलेला. दोघं एकत्र पहिल्यांदाच पळणार. दुसऱ्या गाडीला एकाच गोठ्यातले दोन चौसे, नाव फारसं नाही, पण दिवाळीपासून एकाच जुवात फिरवलेले. मालकांच्या बोलण्यात पहिल्या बाजूने दोनदा अंतर कमी करायचा विषय काढला, दुसऱ्या बाजूने दोन्ही वेळा मान डोलावली नाही. सुट्टी दुपारी बाराची.

मंडपात बसलेले शंभरातले नव्वद पहिल्या गाडीचं नाव घेतील. मी दुसरीचं घेईन. पहिल्या गाडीची सुट्टी स्फोटक होईल, अर्ध्यापर्यंत ती पुढेही राहील. उजवीचा पाहुणा जरा मागे पडला की गाडी उजवीला ओढायला लागेल आणि ड्रायव्हर डाव्याचा कासरा खेचेल. तेवढ्यात चौसे बरोबरीला येतील. मात्र अंतर खरोखर कमी झालं असेल, तर माझा अंदाज उलटा समजा. तेवढ्या धावेत नामांकितांची फट उघडी पडत नाही.

पुढच्या आठवड्यात : पत्री कोण ठोकतो, कधी ठोकतो, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी ती का ठोकू नये.