परका वाटणारा अंगठा

दक्षिण आफ्रिकेत 1921 साली सुरू झालेल्या, सुमारे 90 किलोमीटरांच्या कॉम्रेड्स शर्यतीत, उतरणीच्या वर्षी पीटरमारित्झबर्गहून डर्बनकडे धावताना ज्याची बोटे हजारो वेळा बुटाच्या टोकावर आदळली, त्याला पुढे कित्येक दिवस मोजा चढवताना अंगठा कुणा परक्याचाच वाटावा, यात नवल नाही. पायाच्या लांब हाडांमधून बोटांकडे जाणाऱ्या सूक्ष्म मज्जातंतूंचे नुसते आवरण दबले असेल, तर संवेदना बहुधा काही आठवड्यांत रुजू होते. परंतु आतील धागाच तुटला, तर तो दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो, आणि या दिरंगाईपुढे कोणत्याही मलमाची मात्रा चालत नाही. सकाळी बेताचा वाटलेला बूट सायंकाळी सुजलेल्या पावलाला बंदिखाना होतो, हे दुकानात कोण ध्यानात घेतो? बधिरता दोन्ही पायांत वर सरकू लागली, तर मात्र शर्यतीवर ठपका न ठेवता रक्तातील साखर तपासावी.