द्राक्षाची पेटी, परदेशाचा कायदा आणि आपली मुले

मोसम नदीकाठचे नामपूर म्हणजे कांदा-डाळिंबाचा मुलूख. बागलाण तालुक्यात लवकर तयार होणारी द्राक्षेही होतात. शेतकरी त्यांना ‘अर्ली’ म्हणतात. माल परदेशी पाठवायचा तर नियम खाणाऱ्याच्या देशाचा चालतो, हे नाशिक जिल्ह्यात कोणाला शिकवावे लागत नाही. आखातात मांस पाठवणाऱ्यालाही हलाल प्रमाणपत्र लागतेच.

२०१० चा हंगाम बागायतदार विसरलेले नाहीत. वेलीची फाजील वाढ रोखणाऱ्या ‘सीसीसी’ या रसायनाचा अंश युरोपातल्या तपासणीत सापडला आणि द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडकले. माल निघण्यापूर्वी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्या यादीत हे नावच नव्हते. शेतकऱ्याची नियत साफ होती, तरी नुकसान त्याच्या घरात आले. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि ‘ग्रेपनेट’वर प्रत्येक पेटीचा माग बागेपर्यंत लावता येतो.

आता हीच गोष्ट संगणकाच्या कामात आली आहे. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. समजा, पुण्यातल्या एका लहान कंपनीने नोकरीचे अर्ज निवडणारी प्रणाली बनवली आणि जर्मनीतल्या कारखान्याला विकली. कंपनीचे युरोपात कार्यालय नसले तरी हा कायदा तिला लागू होतो. प्रणाली भारतात चालवून तिचा निकाल तिकडे वापरायचा असेल, तरीही सुटका नाही.

माणसाच्या रोजीरोटीचा प्रश्न असल्याने अशी प्रणाली ‘जास्त जोखमीची’ ठरते. तिला कोणती माहिती शिकवली, त्यात एखाद्या समाजावर किंवा स्त्रियांवर अन्याय होतो का, चूक झाल्यास माणूस हस्तक्षेप कसा करील, याचे कागद बनवणाऱ्याने तयार ठेवायचे असतात. युरोपात आपला प्रतिनिधीही नेमावा लागतो. काही गोष्टींना तर थेट बंदी आहे. उदाहरणार्थ, कामगाराचा चेहरा पाहून त्याची मनःस्थिती ओळखणारी यंत्रणा कामाच्या ठिकाणी २ फेब्रुवारी २०२५ पासून वापरता येत नाही. अपवाद फक्त उपचार व सुरक्षेचा. ही बंदी मोडल्यास दंड साडेतीन कोटी युरोपर्यंत किंवा जगभरच्या उलाढालीच्या सात टक्क्यांपर्यंत होऊ शकतो.

मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते. दहा माणसांच्या कंपनीला मात्र हा खर्च जड जातो. पण २०१० चा धडा असा, की नियम आधी वाचणारा टिकतो. नामपूर, सटाणा, मालेगावची जी मुले-मुली संगणक शिकून पुण्याला जातात, त्यांना नुसते प्रोग्रॅम लिहिणे पुरणार नाही. कामाची नोंद ठेवणे, तपासणी करणे, कायद्याची भाषा समजणे हेही हुनर आहे, आणि त्यातून नवे कामही निर्माण होईल.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. युरोपला जाणाऱ्या पेटीची जितकी कसून तपासणी होते, तितकी आपल्या बाजारातल्या घडाची होत नाही. इथेही तसेच आहे. तीच प्रणाली जर्मनीतल्या उमेदवाराचा अर्ज नाकारेल तेव्हा त्याला कारण विचारण्याचा हक्क असेल. आपल्या लेकीचा अर्ज तिच्या नावावरून किंवा पत्त्यावरून मागे पडला, तर तिने कोणाला विचारायचे? कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अजून नाही.

म्हणून घरातल्या संगणक शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आज एवढे जरूर विचारा: ‘बेटा, तू बनवतेस त्या यंत्राने कोणाला नाही म्हटले, तर त्याचे कारण तुला सांगता येईल का?’ परदेशाचा कायदा विचारण्याआधी हा प्रश्न आपल्या घरात विचारला गेला, तर आपला माल अडणार नाही, आणि आपल्या हातून कोणाचा हकही मारला जाणार नाही.