कुंडलिकेच्या पात्रात मुळेचे पाणी

रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर होणारे राफ्टिंग, म्हणजे हवा भरलेल्या रबरी तराफ्यातून वल्ही मारत वेगवान प्रवाहातून केलेला प्रवास, साहसी खेळ म्हणून प्रसिद्ध असले तरी त्याचा जीव वीजनिर्मितीत आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात गोट्यांपुरत्या उरतात. कुंडलिका मात्र बारमाही वाहते, कारण घाटमाथ्यावरच्या मुळशी जलाशयाचे पाणी तिच्यात उतरते. मुळा नदीवरच्या या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग बापट ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. धरण मात्र झालेच, आणि एरवी भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळणारे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून अरबी समुद्राकडे वळले. निसर्गाच्या सान्निध्याची जाहिरात करताना हा इतिहासही सांगितला तर काही बिघडणार नाही.

साहजिकच येथे वेळापत्रक वीजगृहाचे चालते: पाणी बहुधा सकाळी सुटते आणि तराफेही तेव्हाच निघतात. वाटेत लागणारे ‘रॅपिड’ म्हणजे पात्राचा उतार वाढल्याने किंवा खडकांनी ते आवळल्याने पाणी उसळते असे टप्पे होत; त्यांची काठिण्यपातळी १ ते ६ अशी मोजतात, आणि कुंडलिकेवरचे रॅपिड साधारणपणे २ ते ३ या पातळीचे मानले जातात, मात्र विसर्ग बदलला की तेही बदलतात. तराफ्याच्या मागच्या टोकाला बसलेला गाइड दोन खडकांमधून खाली निमुळता होत गेलेला गुळगुळीत पट्टा दिसला की तेथे खोल वाट आहे हे ओळखतो. तोच आकार उलटा, टोक वरच्या अंगाला करून दिसला, तर पाण्याखाली खडक दडलेला असतो. पाण्यात पडलेल्याने उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि वाहत्या पाण्यात उभे राहू नये, कारण पाऊल खडकांच्या फटीत अडकले तर मागचा लोंढा माणसाला पालथा पाडून दाबून धरतो, आणि मग लाइफ जॅकेटचाही फारसा उपयोग होत नाही.

तराफ्यांखालून गेलेले पाणी पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडवून कालव्यांनी शेतीकडे नेले जाते. उरलेले रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत उतरते.